स्पीकरमधली आई

प्राणिसंग्रहालयात तिला सगळे माकडवाली म्हणत आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. "नवरा, सासरे, दीर सांभाळले, त्यापेक्षा ही बरी. खाल्ल्या घासाला जागतात तरी," असं ती म्हणायची.

माहिती सांगावी तर तिनंच. साहेबांनी तिचं बोलणं रेकॉर्ड करून पिंजऱ्यावरच्या स्पीकरवर लावलं होतं. "डोळे बघा, आपल्यासारखे समोर. हाताला पकड आहे, बोटांना चपटी नखं. नाकापेक्षा नजर तेज. पिल्लू बहुतेक एका वेळी एकच आणि बालपण लांबलचक. सगळं आईकडून शिकायचं, माणसासारखंच!"

ठमी नावाच्या माकडीच्या पिल्लाची आई बाळंतपणातच गेली. माकडवालीनं त्या पिल्लाला बाटलीनं दूध पाजलं, तळहातावरच्या फोडासारखं जपलं. तिथंच घोडं पेंड खात होतं. ठमीला माकडवालीची वेणी विस्कटता यायची, पण टोळीत कुणापुढं दबून राहायचं ते कोण शिकवणार? माद्या तिला चावून हाकलून द्यायच्या.

डॉक्टर म्हणाले, "बाई, टोळीनं घेतलं नाही तर ही जगायची नाही. तुम्ही इकडे फिरकू नका."

काळजावर दगड ठेवून ती कासवांकडे गेली. कासवं कुणाला लळा लावत नाहीत, हीच काय ती सोय.

महिन्याभरानं तिच्या जागी आलेला रखवालदार सांगत आला, "मावशी, एक म्हातारी माकडीण ठमीला जवळ घेते हो. पण ही मधेच उठून पळते. म्हातारीही आता वैतागलीये."

"पळते कुठं?"

"स्पीकरखाली. तुमचा आवाज सुरू झाला की तिथंच."

तिनं हातातला पाला तसाच खाली टाकला. इतक्या शहाण्या माणसांच्या हे लक्षात कसं आलं नाही? आणि आपल्याही?

ती तडक ऑफिसात गेली. "माझा आवाज बंद करा."

"अहो, लोक थांबून ऐकतात!" साहेब म्हणाले.

"बंद करा म्हणते ना!"

स्पीकर मुका झाला. सुरुवातीला ठमी वर बघत बसून राहायची, खायचीही नाही. ते ऐकून माकडवालीनं दोनदा पिंजऱ्याची वाट धरली आणि दोन्ही वेळा अर्ध्यातून परतली.

मग एक दिवस रखवालदार हसत आला. "सुटलात, मावशी! आता म्हातारीच्या पोटाला चिकटून असते. स्पीकरकडे ढुंकूनही बघत नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. तिला आनंद व्हायला हवा होता. पण ती कासवांच्या हौदाच्या कठड्यावर बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली.