अख्खं ठाणं आठ तास झोपतं

आठ तास. आठ तास. आठ तास.

सोमवारी सकाळी मी कॉम्प्युटरसमोर बसून एका पोलीस ठाण्याची झोप बघत होते. यादी कितीही खाली सरकवली तरी आठच. ठाणेदारापासून जीपच्या ड्रायव्हरपर्यंत सगळे बरोबर आठ तास झोपले होते. सगळ्यांचं बीपी एकशे वीस-ऐंशी होतं. दुखत कुणाचं काही नव्हतं. आणि सगळे आनंदी होते.

आदल्या दिवशी त्या भागात मोठी यात्रा होती. अख्खं ठाणं पहाटेपर्यंत बंदोबस्ताला उभं होतं. तरी आठ तास.

मी ॲप बनवते. जालन्यात माझं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. पोलिसांच्या तब्येतीसाठी ॲप करायचं काम मिळालं तेव्हा मी खूश झाले होते, कारण कल्पना साधी आणि चांगली होती. पोलिसाने रोज सकाळी आपल्या मोबाईलवर चार प्रश्नांची उत्तरं द्यायची. किती झोपलात? बीपी किती? काही दुखतंय का? मन कसं आहे? मनासाठी पाच चेहरे होते, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. उत्तरं काळजीची वाटली तर ॲप त्या माणसाला डॉक्टरची वेळ मिळवून देणार.

सगळ्या ठाण्यांच्या नोंदी वरिष्ठांना नावानिशी एका स्क्रीनवर दिसत. त्याला आम्ही डॅशबोर्ड म्हणतो. ज्या ठाण्याने सगळ्या नोंदी भरल्या ते हिरवं, ज्याच्या राहिल्या ते लाल. ही लाल-हिरवी आयडिया माझी. मला तिचं फार कौतुक होतं.

तेवढ्यात फोन वाजला. अपर अधीक्षक साहेब. ॲपचं काम त्यांच्याच देखरेखीखाली होतं.

"मॅडम, ते ठाणं बघितलंत? दोन महिने सलग हिरवं. गुरुवारच्या मीटिंगमध्ये त्यांना सर्टिफिकेट देतोय. बाकीच्यांनी शिकावं त्यांच्याकडून."

"सर, मी एकदा डेटा तपासू का?"

"तपासा की. पण सर्टिफिकेट छापायला गेलंय."

दुपारी मी जेवायला जुन्या जालन्यात घरी गेले. पप्पांचं खाली कापडाचं दुकान आहे. लॅपटॉप उघडाच होता. त्यांना ॲपमधलं काही कळत नाही. त्यांनी चष्मा वर करून नुसती रांग बघितली आणि म्हणाले, "प्रीती, हे सगळे पीस एकाच ताग्यातले दिसतात."

मी जेवण अर्धवट टाकून लॉग उघडला. लॉग म्हणजे ॲपने स्वतःपुरती ठेवलेली वही. कोणती नोंद किती वाजता, कोणत्या फोनवरून आली हे त्यात असतं. त्या ठाण्याच्या सगळ्या नोंदी रोज सकाळी पावणेदहा ते दहाच्या दरम्यान, एकामागोमाग एक, एकाच फोनवरून आल्या होत्या. मग मी सहज बाकीच्या जिल्ह्याचा लॉगही चाळला. त्यात आणखी एक गोष्ट दिसली. ती मी तेव्हा कुणाला बोलले नाही.

मंगळवारी सकाळी एसटीने वाटूरला उतरले आणि पुढे रिक्षाने ठाण्यात गेले. ठाण्याचं नाव सांगत नाही. पावणेदहा वाजले होते. आत एका टेबलाशी साळवे जमादार बसले होते. हवालदाराला आमच्याकडे अजून जमादार म्हणतात. सगळ्यांच्या ड्युट्या लावायचं काम त्यांच्याकडे. नाकावर चष्मा, एका हातात ड्युटीचा तक्ता, दुसऱ्या हातात मोबाईल. एका बोटाने भराभर टाइप चालू होतं.

मी नाव सांगितलं. त्यांना जराही धक्का बसला नाही. उलट उठून खुर्ची दिली.

"या, या ताई! लई भारी ॲप बनवलं तुम्ही. अख्ख्या ठाण्याची तब्येत पंधरा मिनटांत होऊन जाते."

"तुम्ही भरता सगळ्यांचं?"

"मंग कोण भरंल? दहाच्या आत शंभर टक्के पाहिजे, न्हाई तर लाल होतं."

"पण पासवर्ड?"

"बक्कल नंबरच हाय की. तो तर तक्त्यावर लिहेल राहतो."

पासवर्ड बक्कल नंबरच, म्हणजे पोलिसाच्या बिल्ल्यावरचा नंबर, ठेवायचा हेही मीच ठरवलं होतं. लोकांना लक्षात राहायला सोपा म्हणून. दुसऱ्यालाही इतका सोपा जाईल असं वाटलं नव्हतं.

"आणि सगळे रोज आनंदीच?"

"न्हाई न्हाई, तसं न्हाई." जमादार थोडे दुखावले. "बिलकुल एकसारखं दिलं तर शंका येती. मंगळवारी मी चार-पाच जणांना ते मधलं तोंड देत असतो. पण रडकं कुणालाच दिलं न्हाई. रडकं दिलं की वरून फोन येतो."

शेजारच्या टेबलावर वायरलेस सांभाळणारी कॉन्स्टेबल कविता हसायला लागली. "मॅडम, त्यो फोन माझ्यामुळं आल्ता."

मग तिने सांगितलं. ॲप आलं त्या आठवड्यात तिने एकटीने खरं भरलं होतं. झोप तीन तास, टाचा दुखतात, चेहरा रडका. दुसऱ्याच दिवशी वरून विचारणा: तुमच्या ठाण्यात झोप कमी का? लेखी खुलासा पाठवा. खुलासा साळवे जमादारांनीच लिहिला होता. त्याची प्रत त्यांनी फाइलमधून काढून मला अभिमानाने दाखवली. 'सदर महिला अंमलदार यांना दररोज आठ तास झोप घेणेबाबत समज देण्यात आली असून त्यांनी तसे मान्य केले आहे.'

"तवापासून मी ठरवलं," जमादार म्हणाले, "पोरींना, पोरांना कशाला तरास? आपणच भरून टाकू. कुणाला खुलासा न्हाई, कुणाला काही न्हाई."

मी हसत होते, पण आतून मला चांगलंच लागलं होतं. या माणसाने दोन महिने आपल्या माणसांना कशापासून वाचवलं होतं? माझ्या ॲपपासून.

"बीपीचं मशीन तरी वापरता का? प्रत्येक ठाण्याला एक दिलंय."

"हाय ना! बराबर जपून ठेवलंय." जमादारांनी कपाट उघडलं. मशीन खोक्यात, खोकं पिशवीत, पिशवीला गाठ. "खराब झालं तर भरून द्यावं लागतं."

मी गाठ सोडली. कविताचं बीपी बघितलं. नॉर्मल. मग म्हटलं, "जमादार, आता तुमचं."

"माझं सकाळीच झालं. एकशे वीस-ऐंशी."

"ते बोटाने झालं. आता दंडाने करू."

त्यांनी हसत बाही वर केली. मशीनने घरघर केली आणि आकडा दाखवला. एकशे शहाण्णव, एकशे चौदा. मी पाच मिनिटं थांबून पुन्हा लावलं. जवळपास तेवढंच.

"मशीन खराब हाय," जमादार म्हणाले.

कविताने पट्टा पुन्हा स्वतःच्या दंडाला लावला. तिचं पुन्हा नॉर्मल आलं. टेबलाभोवतीचं हसू थांबलं.

"डोकं दुखतं का?" मी विचारलं.

"दुखतं की. महिना झाला. चष्म्याचा नंबर वाढला आसंल म्हणून सोडून देल्तं." त्यांनी मोबाईल पुन्हा हातात घेतला. "थांबा, आठ जण राह्यलेत. तेवढे भरून..."

कविताने मोबाईल काढून घेतला. "अण्णा, चला."

"अन् ड्युट्या कोण लावीन?"

"मी लावते. तक्ता तर तुमच्याच हातचा हाय."

ती ठाणेदारांना आत सांगून आली आणि जीपमधून त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. मीही बरोबर गेले. डॉक्टरांनी तपासून लगेच ॲडमिट करून घेतलं. "आणखी काही दिवस असेच काढले असते तर चालत आले नसते," एवढंच म्हणाले. पलंगावर पडून जमादारांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, घरी निरोप द्यायचा असेल.

"ताई, आज आपलं ठाणं लाल झालं आसंल, न्हाई?"

बाहेर व्हरांड्यात कविताने मला गाठलं. "मॅडम, अण्णांवर काही येऊ देऊ नका. रिटायर व्हायला थोडेच दिवस राह्यलेत. त्यांनी सगळं आमच्यासाठी केलंय."

परतीच्या एसटीत मी तेवढाच विचार केला. खरं सांगितलं तर जमादारांची चौकशी. नाही सांगितलं तर सर्टिफिकेट, आणि मग सगळी ठाणी तेच शिकणार.

बुधवारी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. टेबलावर सर्टिफिकेट फ्रेम करून ठेवलं होतं.

"सर, हे देऊ नका. त्या नोंदी खऱ्या नाहीत."

साहेबांचा चेहरा बदलला. "कुणी भरल्या? नाव सांगा."

"सांगते सर. त्याआधी तुमची नोंद दाखवू?"

मी लॅपटॉप फिरवला. साहेब स्वतःही ॲपवर होते. दोन महिने रोज सात तास झोप, मन प्रसन्न, एकशे वीस-ऐंशी. लॉगमध्ये दिसलेली ती दुसरी गोष्ट हीच: त्यांच्या नोंदी त्यांच्या फोनवरून येतच नव्हत्या.

"सर, ही तुम्ही भरता?"

साहेब स्क्रीनकडे बघत राहिले. त्यांच्या ऑफिसचं लिखापढीचं काम बघणाऱ्या माणसाला रीडर म्हणतात. साहेबांचे रीडर दाराशी फाइल घेऊन उभे होते. त्यांनी मान खाली घातली.

"सर, आपल्याला वेळ नसतो," ते हळूच म्हणाले, "म्हणून मी..."

मला वाटलं, आपलं काम गेलं. मग साहेब खुर्चीत मागे रेलले आणि मोठ्याने हसले.

"आणि मी प्रसन्न आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं हो?"

मी तेवढ्यात बोलून घेतलं. चूक माणसांची नाही, ॲपची आहे. तक्त्यावर लिहिलेला पासवर्ड, लाल रंगाची भीती आणि वर दिसणारी नावं, या तीन गोष्टी मी केल्या. साहेबांनी पुन्हा नाव विचारलं नाही. सर्टिफिकेट ड्रॉवरमध्ये गेलं. खुलासे मागवणं त्यांनी त्याच दिवशी बंद केलं.

दोन आठवड्यांत आम्ही ॲप बदललं. ज्याचा पासवर्ड त्याचा त्याने ठरवायचा. वरिष्ठांना नावं दिसणार नाहीत. नाव फक्त डॉक्टरला दिसणार, तेही ज्याला मदत हवी त्याने 'हो' म्हटलं तर. लाल-हिरवं काढून टाकलं. रोज भरायची सक्तीही काढली.

साळवे जमादार चार दिवसांनी घरी आले, महिन्याभराने कामावर. गोळी नियमाने घेतात. ॲप भरत नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "माझा कोटा मी दोन महिन्यांतच पुरा केला, ताई."

नवं ॲप सुरू झाल्यावर पहिल्या सोमवारी साहेबांचा फोन आला. आवाजात काळजी.

"मॅडम, ॲप बिघडलंय का? नोंदी निम्म्याहून कमी झाल्यात. आणि ज्या आल्यात त्यात कुणाची कंबर, कुणाचे गुडघे, कुणी चार तास झोपलंय. अर्ध्या लोकांनी रडका चेहरा दिलाय."

"नाही सर," मी म्हटलं, "चालू झालंय."

तेव्हापासून कुठलंही नवं काम घेतलं की स्क्रीनचा रंग ठरवायच्या आधी मी एक गोष्ट विचारून घेते: यात कुणी खरं उत्तर दिलं, तर त्याला फोन कुणाचा येणार? डॉक्टरचा, की खुलासा मागणाऱ्याचा?