सावलीतले डोळे

१९७६च्या उन्हाळ्यात, एका रविवारी, गंगापूर रोडवरच्या फुलवालीने आमच्या ऑफिसातल्या कारकुनाला नवऱ्याचं चित्र काढायला घरी नेलं. नवऱ्याचा एकही फोटो नव्हता आणि डॉक्टरांनी आशा सोडली होती. मी सोबत होतो.

कारकून नुकताच चित्रकला शिकू लागला होता. काढताना तो चष्मा उतरवून ठेवी. बारकावे पुसट झाले की उजेड आणि सावलीचे आकारच उरतात, असं त्याचं म्हणणं. खाटेवरच्या माणसाकडे बघत त्याने कागदावर कोळशाने दोन मोठ्या सावल्या भरल्या आणि त्यांच्या कडा बोटाने पुसल्या.

फुलवाली वाकून म्हणाली, “साहेब, डोळं काढायचंच विसरले का?”

“सावलीत आहेत, ताई. दारात जाऊन बघा.”

ती दारात गेली, वळून तिने चित्राकडे पाहिलं आणि पदर डोक्यावर घेतला.