प्लायशी बोलणारे भासरे

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, प्लायवूडशी बोलायचे. मला काही सांगायचं असलं की समोरच्या फळीकडे बघून म्हणायचे, "भुसा कोन झाडीन इथला?" फळी गप्प राहायची, मी झाडू उचलायची. भासऱ्यानं धाकट्या भावजयीशी थेट बोलू नये, ही वऱ्हाडातली जुनी रीत. आता ती पाळतं कोण? पण ह्या माणसानं ती माझ्यापुरती जपून ठेवली होती. गल्लीतल्या बाकी सगळ्या बायांशी तोंड भरून बोलायचे.

अकोल्याच्या जुन्या शहरात दोघा भावांचा मिळून फर्निचरचा कारखाना होता. बाळापूरच्या रस्त्यावर आमच्या ह्यांची मोटरसायकल घसरली आणि उजवा खांदा कामातून गेला. सासऱ्यांनी जाताना सांगून ठेवलं होतं, ज्याच्या घरचा हात चालेल त्याचा कारखान्यात वाटा. भासऱ्यांनी एवढंच बरोबर ध्यानात ठेवलं. महिनाभरात त्यांनी फळीला विचारलं, "लहान्यानं आता आपलं सामान काहून नाई उचलावं?" मला असा संताप आला, की दुसऱ्या दिवशी पदर खोचून मीच फळ्या कापायची जिगसॉ मशीन हातात घेतली.

आमचे हे स्टुलावर बसून शिकवायचे. माझा हात काही त्यांच्यासारखा मुरलेला नव्हता, म्हणून मशीन ॲल्युमिनियमच्या सरळ पट्टीला टेकवून चालवायची. पात्यापासून मशीनच्या तळाच्या कडेपर्यंत अंतर मोजायचं, कापायच्या रेघेपासून तेवढ्याच अंतरावर पट्टी ठेवायची, दोन्ही टोकांना शिकंजे आवळायचे. मशीन पुढे रेटायची नाही. रेटली की पातं खाली वाकतं, वरून काप सरळ दिसतो आणि खालून तिरपा निघतो. आणि मायका लावलेली बाजू खाली ठेवायची, कारण पात्याचे दात वरच्या अंगाला टवके काढतात.

भासरे मोकळ्या हातानं कापायचे. हात होता त्यांचा, खोटं कशाला बोलू? पण माझी पट्टी बघितली की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "पांगुळगाडा धरून चालून राहिले लोकं," असं फळीला सांगायचे आणि आल्यागेल्या गिऱ्हाइकाकडे बघून हसायचे. कितीदा तरी मी घरी येऊन भांडी आपटली.

मग वरूडच्या एका संत्रा व्यापाऱ्याच्या नव्या घराचं काम आलं. भासऱ्यांनी सासूबाईंसमोर ठरवून टाकलं, की कपाटांची दारं मी कापायची. एक जरी दार वाकडं निघालं तर आम्ही वाटा सोडायचा. बेसिनखालची मोठी फळी, जिच्यात बेसिन बसवायचं गोल भोक पाडायचं होतं, ती ते स्वतः कापणार होते. आमच्या ह्यांनी मान डोलावली. मला रात्रभर झोप नाही.

दारं झाली. व्यापारी बघायला आला, कडांवरून बोट फिरवलं आणि भासऱ्यांनाच म्हणाला, "मिस्तरी, एक टवका नाही, वा!" दारं कोणाची ते भासऱ्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या स्वतःच्या कडांना मात्र टवके निघायचे, ते लांबी, म्हणजे पुट्टी, भरून झाकावे लागायचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी बेसिनची फळी जन्मात पहिल्यांदा माझ्यासारखी उपडी घातली. मायका खाली, पाठ वर. आणि भोकाची खूण नेहमीच्या सवयीनं डावीकडेच केली.

फळी उपडी असली की पाठीवरची डावी बाजू सुलटी केल्यावर उजवी होते. व्यापाऱ्याच्या भिंतीतला नळ होता डावीकडे, भोक त्याच्याखालीच यायला हवं होतं. मला लगेच दिसलं. गप्प राहिले असते तर माझं काय जात होतं? पण एवढी चांगली फळी वाया जाताना बघवेना. त्यांच्याशी मीही थेट बोलू शकत नव्हते, म्हणून त्यांच्याच फळीला मोठ्यानं सांगितलं, "फळी उपडी हाय. भोक उजवीकडं जाईन."

त्यांचा हात थांबला. खूण बघितली, मला ऐकू येईल असा श्वास सोडला आणि मशीन चालू केली.

भोक सुरेख गोल पडलं. फळी उलटवली तेव्हा ते उजवीकडे होतं. आमचे हे स्टुलावरून उठले आणि दादांना म्हणाले, तिनं सांगितलं होतं ना, ऐकलं नाही का? भासऱ्यांनी मशीन खाली ठेवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं.

"आयकलं होतं," ते मला म्हणाले. "पन थांबलो असतो तं तुले मिस्तरी म्हना लागलं असतं. त्यापरीस फळी गेली ते बरं."

नवी फळी मी कापली. वाटा राहिला. भासरे त्यानंतर अमरावतीला लेकीकडे राहायला गेले आणि गेल्या वर्षी तिथेच वारले. तेरवीला त्यांच्या हाताचं कौतुक चाललं होतं, बाया डोळे पुसत होत्या. मला रडू आलं नाही. माझ्याशी ते थेट बोलले ते तेवढंच, आणि त्यातही मला मिस्तरी म्हणून गेले. ते त्यांना कळलं असतं, तर तेवढंही बोलले नसते.