नाव न घेण्याजोगी माणसं

आमच्या घरात दूध डोळ्यांदेखत काढलेलं लागे. गवळी म्हैस दाराशी आणून उभी करायचा, वडील चष्मा लावून बाहेर यायचे आणि धार काढण्याआधी त्याची चरवी स्वतःच्या हातांनी उपडी करून बघायचे, तळाशी आधीच पाणी घातलेलं नाही ना म्हणून. समोर धार काढून घेण्याची पद्धत कोल्हापुरात घरोघरी होती, पण चरवी उपडी करणारे आमच्या गल्लीत वडील एकटेच. गवळी बिचारा इमानी माणूस होता. पण संशय घेण्यात आमच्या घराण्याने कधी आळस केला नाही, आणि तो वारसा मी नोकरीतही घेऊन गेले.

संस्थान विलीन झालं, त्याच्या पुढच्याच वर्षी मी समाजकार्य शिकायला मुंबईला गेले. कारण कुणालाच सांगितलं नव्हतं. शाळेत माझ्या बाकावर बसणारी एक मुलगी एकाएकी यायची बंद झाली होती. तिच्या बाबतीत काहीतरी वाईट घडलंय एवढं सगळ्या वर्गाला कुजबुजीतून कळलं होतं. महिनाभराने ती मला बोळात भेटली, हसली, आणि मी खाली मान घालून पुढे निघून गेले. ते मला पुढे कित्येक वर्षं झोंबत राहिलं. अशा बायकांसाठीच काम करायचं हे मी तेव्हापासून मनाशी धरलं होतं.

दोन वर्षांनी परत आले ती आमच्या गावातल्या एका महिलाश्रमात नोकरीला लागले. गल्लीने याचा लगेच अर्थ लावला. असल्या बायकांचा एवढा पुळका म्हणजे मुंबईत हिचंच काहीतरी झालं असणार. मला बघायला आलेल्या एका मुलाच्या आत्याने तर पोहे खाता खाता विचारलं, "चांगल्या घरच्या मुलीला हे विषय सुचतात कसे?" ते स्थळ तिथेच मोडलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. पोह्यांचं वाटलं, आईने त्यात खोबरं फार घातलं होतं.

आश्रमाच्या मुख्य बाईंना सगळेजण मोठ्या बाई म्हणत. बारीक, काटक, पांढऱ्या लुगड्यातली बाई. येणारी प्रत्येक मुलगी काहीतरी लपवते, असं धरूनच त्या चालत. मी त्यांना मनातून जुन्या वळणाच्या म्हणून हसत असे. पण माझी पद्धत तरी काय निराळी होती? मी एकच प्रश्न तीन निरनिराळ्या दिवशी विचारायची आणि उत्तरं ताडून बघायची. फरक दिसला की लाल पेन्सिलीने खूण. मुंबईत शिकवलेल्या कितीतरी गोष्टी मी विसरले होते, ही मात्र रक्तातच असल्यासारखी जमली.

अशात एका श्रावणात पोलिसांनी एक बाई आणून सोडली. वीस-बावीस वर्षांची, भुदरगडातल्या एका खेड्यातली. नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं. ती एकटी चालत गारगोटीला आली, स्टँडवर दिवसभर बसून राहिली, तेव्हा एका कंडक्टरने तिला चौकीवर नेलं. चौकीवर तिने एवढंच सांगितलं की गोठ्यात आपल्यावर जबरदस्ती झाली. कोणी केली म्हणून विचारलं तर म्हणाली, "नाव घ्यायचं न्हाय." फौजदाराच्या कागदावर होतं, "आरोपीचे नाव सांगण्यास नकार."

मोठ्या बाईंनी तो कागद वाचून माझ्याकडे सरकवला. "नाव लपवतेय म्हणजे त्याच्यात जीव गुंतलाय हिचा. भांडण झालं, आली निघून. लिहून ठेव."

मी तसं लिहिलं नाही, पण मला ते खोटंही वाटलं नाही. तिला मी पहिल्यांदा विचारलं, कधी घडलं? "सांजच्याला," ती म्हणाली. चार दिवसांनी विचारलं तर म्हणाली, "गुरं घरला आल्यावर." आणखी आठवड्याने, "दिवा लावायचा हुता अजून." मी तिन्ही उत्तरांखाली लाल रेघा ओढल्या. तीन वेळा, तीन उत्तरं. आणि नाव? "न्हाय घ्यायचं, बाई." बरं, कोण होता, गावातला? परका? त्यावर ती खाली बघत बसायची. माझा आवाज चढायचा. मला वाटायचं, मी हिच्यासाठी एवढी धडपडते आणि ही मलाच बनवते.

दर रविवारी आश्रमात नातेवाइकांची भेट असे. तिच्याकडे तिचा थोरला दीर यायचा. पन्नाशीकडे झुकलेला, स्वच्छ धोतर, गुलाबी फेटा, आवाज इतका मऊ की ऐकायला पुढे वाकावं लागे. पहिल्या खेपेला काकवीचा डबा घेऊन आला, दुसऱ्या खेपेला तिच्यासाठी नवं लुगडं. "आमच्या घरची सून हाय, बाई," तो म्हणाला. "धाकटा गेला, आता आमीच बगायचं तिला. डोस्क्यात राख घालून आली निघून. मानसं काय बी बोलत्यात, तिकडं ध्यान देऊ नगासा."

ती दाराआड भिंतीकडे तोंड करून उभी राहायची, पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. एक शब्द बोलायची नाही. थोरल्या दिरासमोर घरंदाज सून अशीच उभी राहते, मला त्यात विशेष काही दिसलं नाही. उलट बरं वाटलं, की मुलगी वळणाची आहे.

असं नाही की मी त्याच्यावर संशय घेतला नाही. घेतला की! त्यालाही मी तीन रविवार तेच प्रश्न विचारले. घरात कोण कोण, शेती कुठे, ही कुठे निजते, तिच्याशी कोण भांडलं. त्याची उत्तरं एका अक्षराने बदलली नाहीत. गावच्या शाळामास्तरांना मी पत्र घातलं, त्यांचं उलटटपाली उत्तर आलं, माणूस सज्जन आहे, देवळाच्या कामात पुढे असतो. माझी लाल पेन्सिल त्याच्या कागदावर कुठे टेकलीच नाही. मी शिफारस लिहिली: "घर चांगले आहे. मुलीस परत पाठवण्यास हरकत नाही." खाली सही केली. आश्रमाच्या कमिटीने मान डोलावली. येत्या रविवारी तिने जायचं ठरलं.

तिला मीच सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि उठून स्वयंपाकघरात गेली.

तिथे आमच्या मावशी असत, आश्रमाच्या स्वयंपाकीण. साठीच्या, कागल भागातल्या, बोलायला तिखट. त्यांच्यावर माझा डोळा होताच. दोघी तांदूळ निवडता निवडता हळू आवाजात काहीबाही बोलत आणि मी दारात आले की गप्प होत. मला खात्री होती, मावशी बाहेरचे निरोप आत आणतात आणि त्या अज्ञात माणसाचा हिच्याशी अजून संबंध आहे. म्हणून शनिवारी दुपारी मी पायांतल्या चपला काढून स्वयंपाकघराच्या भिंतीला कान लावून उभी राहिले. हो, चोरासारखी. आज सांगताना लाज वाटते, तेव्हा वाटली नव्हती.

आत ती रडत होती. मावशी म्हणत होत्या, "उंद्या जायाचं म्हंजी मराय जायाचं की गं!"

मी तडक आत शिरले. "काय चाललंय? कुणाचा निरोप आलाय?"

मावशींनी सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे असं बघितलं की माझी मुंबईची सगळी विद्या एका क्षणात उतरली. "निरोप कुनाचा येतोय? बाई, तुमी येवढ्या शिकल्याला. बाईमानसानं कुनाकुनाचं नाव घ्यायचं नसतंय, सांगा बगू."

"नवऱ्याचं."

"आनि?"

"सासऱ्याचं." मी अडखळले. "थोरल्या दिराचं."

"हिचा न्हवरा गेला. सासरा तर ही लगीन हून यायच्या आदीच गेल्याला. मग ऱ्हायलं कोन?"

माझी आई रेशनच्या कचेरीत वडिलांचं नाव सांगायची वेळ आली की मला पुढे करायची. माझ्या मोठ्या काकांना ती जन्मभर "वरच्या मजल्यावरचे" म्हणाली. हे मी लहानपणापासून बघत आले होते. पण ज्याने असं कृत्य केलं त्याच्या बाबतीतही कुणी बाई ही रीत पाळेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आणि ती तर पहिल्या दिवसापासून, ज्या एकाच तऱ्हेने तिला सांगता येत होतं, त्या तऱ्हेने सांगत होती.

"आनि ती तुमची लाल पेन्सल," मावशी म्हणाल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण रेघा दिसल्या असणार आणि उत्तरं तिने सांगितली असणार. "सांज म्हना, गुरं आली म्हना, दिवा लावायचा हाय म्हना, येळ येकच की वो ती."

मी तिच्याकडे वळले. "तुझे थोरले दीर?" तिने हो म्हटलं नाही, मानही हलवली नाही. पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

मी मोठ्या बाईंकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "स्वयंपाकिणीच्या सांगण्यावरून? महिनाभर तू चौकशी केलीस, तुझ्याच सहीचा कागद आहे. आता तू खोटी, की तो कागद खोटा?"

"कागद खोटा," मी म्हटलं. "तसं लिहून देते."

"तुझी नोकरी अजून कायम झालेली नाही, लक्षात आहे ना?"

मी लिहून दिलं. लिहिताना डोक्यात तत्त्व वगैरे काही नव्हतं. घरी वडिलांना काय सांगू, एवढंच होतं. मोठ्या बाईंनी तो कागद जुन्या कागदाशेजारी ठेवला. कोणता खरा मानायचा हे त्यांनी सांगितलं नाही. रात्रभर मला वाटत होतं, त्या तिला पाठवणार.

रविवारी तो आला. टांगा दाराशी थांबवला होता. बाकावर बसला, काकवीचा डबा टेबलावर ठेवला आणि मऊ आवाजात म्हणाला, "आवरलं का आमच्या सुनंचं?"

मोठ्या बाई म्हणाल्या, "आज तिला पाठवता येत नाही." एवढंच. कारण सांगितलं नाही.

तो एकदम उभा राहिला. "का? नाव घेतलं काय तिनं माजं?"

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "कसलं नाव?" त्यांनी विचारलं.

त्याने माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे. तिथे आज कुणी उभं नव्हतं. मग तो मोठमोठ्याने बोलायला लागला, आश्रमाबद्दल, आमच्या चालचलणुकीबद्दल, कमिटीतल्या ओळखींबद्दल. आवाजातला मऊपणा गेला कुठे कोण जाणे. जाताना काकवीचा डबा मात्र आठवणीने उचलून घेऊन गेला. मोठ्या बाईंनी माझी शिफारस घेतली, तिच्यावर आडवी रेघ मारली आणि "पुढे बघ काय करायचं ते," एवढं म्हणून त्या पूजेला गेल्या.

त्याच्यावर खटला झाला नाही. पोलिसांना नाव तिच्या तोंडून हवं होतं. ते तिने कधी घेतलं नाही, आणि मीही तिच्या मागे लागले नाही. तो देवळाच्या कामात पुढेच राहिला असणार. याचा राग मला अजून येतो.

टांगा गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. ती चुलीपाशी बसली होती, तोंड झाकलेलं नव्हतं. मी म्हटलं, "गेला तो. तुला जायचं नाही आता. इथे राहायचंय ना?"

तिने माझ्याकडे पहिल्यांदाच सरळ बघितलं. तिच्या डोळ्यांत उपकाराची जाणीव वगैरे काही नव्हती. गवळ्याकडे माझे वडील बघत तसं ती माझ्याकडे बघत होती.

"तुमी रोज इचारत हुतासा, खरं का खोटं," ती म्हणाली. "जायाचं हाय का न्हाय, हे आज इचारलासा."