उलटा बाण

पंक्चर काढणाऱ्या चाचांनी माझ्या स्कूटरच्या पुढच्या टायरवर ओलं बोट टेकवलं. "ताई, हा बाण बघा. चाक फिरतंय इकडं आणि बाणाचं तोंड तिकडं. टायर उलटा बसवलाय कुणीतरी."

टायरच्या कडेला खरंच एक छोटा बाण उठवलेला होता. वर्षभरात मला तो दिसलाच नव्हता.

"मग इतके दिवस गाडी चालली कशी?"

"चालती की. कोरड्या रस्त्यावर काय कळत नाही. ओल्यात या खाचांनी पाणी बाहेर फेकायचं असतं. उलट्या बसल्या की नीट फेकत नाहीत. जोरात ब्रेक मारला की घसरती."

अख्खा पावसाळा मी लेकीला, सईला, याच टायरवर शाळेत सोडलं होतं. ती माझ्या पाठीला गाल टेकून पाढे म्हणायची, आणि मला वाटायचं, आपला हात गाडीवर काय छान बसलाय! हाताचं त्यात काही नव्हतं. जोरात ब्रेक मारायची वेळ आली नाही, एवढंच. अशा आणखी कशाकशाला मी माझी हुशारी म्हणत आलेय?

चाचांनी टायर फिरवून बसवला. सिग्नलला थांबले, तर शेजारच्या प्रत्येक चाकावर मी बाण शोधत होते. शाळा सुटल्यावर सई मागे बसली, तिनं नेहमीसारखा गाल टेकला. हँडल घट्ट धरून, चाकाकडे कान लावून मी घर गाठलं.

गाडी अगदी कालच्यासारखीच चालली. काडीचाही फरक जाणवला नाही, आणि तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही.