चुलीवर वाळलेला म्हसासूर

रविवार, १४ ऑगस्ट २००५. काम नदीकाठच्या खाचरातला गाळ उपसायचं. जुलैअखेरच्या पुराने आमची लावून झालेली दोन खाचरं गाडली गेली होती. वरच्या शेतात थोडं रोप उरलं होतं, ते वाळायच्या आत लावून घ्यायचं म्हणून मी आणि माझे यजमान सकाळपासून फावडी मारत होतो. ते मुरबाडला कारखान्यात पाळीवर जायचे, त्यामुळे असली कामं रविवारवर यायची.

गाळातून काय वाटेल ते निघत होतं. कुणाच्या घराचे वासे, कोंबड्यांचा डालगा, एका पायातली चप्पल. दुपारी बांधाच्या कोपऱ्यात माझं फावडं कशाला तरी लागलं. हाताने चिखल बाजूला केला तर नाक लागलं. नाकाखाली ओठ.

मी हात मागे घेतला. पुरात गेलेली सगळी माणसं तेव्हा सापडलेली नव्हती.

"काय झालं?" यजमानांनी बांधावरून विचारलं.

"माणूस आहे."

ते धावत आले. दोघांनी मिळून गाळ सारला. गाल निघाले, कपाळ निघालं, कपाळात दोन भोकं. चेहरा थंड होता, पण दाबला तर दबत नव्हता. लाकूड होतं. पांगाऱ्याच्या लाकडाचा, सुपाएवढा मुखवटा, आभाळाकडे तोंड करून पडलेला. डोळ्यांत पाणी साचलं होतं. मी तो कलता केला तसं ते पाणी दोन्ही डोळ्यांतून गालांवर ओघळलं. यजमान दोन पावलं मागे सरले. मी तो घमेल्यात घालून घरी आणला आणि पडवीत ठेवला.

तो कुणाचा ते आम्हाला ठाऊक होतं. नदीच्या वरच्या अंगाला डोंगराच्या पायथ्याशी एक वाडी आहे. तिथे दर वैशाखात बोहाडा व्हायचा. देवादानवांचे मुखवटे घालून संबळाच्या तालावर रात्रभर सोंगं नाचायची. शहापूरच्या डोंगरपट्ट्यातून, पार कसाऱ्याकडून माणसं बघायला यायची. प्रत्येक सोंग एकेका घराचं. गणपती एका घराचा, मारुती दुसऱ्याचा. शेवटी उजाडता उजाडता देवी म्हसासुराला मारते आणि बोहाडा संपतो. हा तोच म्हसासूर. शिंगं तुटून गेली होती, त्यांची ती भोकं.

ज्या घराचा तो होता ते घर पुरात गेलं होतं. नवरा-बायको मुलीला घेऊन वेळेत बाहेर पडले होते. नवरा मग "सोंग घेऊन येतो" म्हणून माघारी फिरला. घर आणि तो एकदमच गेले. तो पुढेही सापडला नाही.

त्याच्या बायकोला मी ओळखत होते. धसईच्या बाजाराला जाताना ती आमच्या ओटीवर टेकायची, पायांचा चिखल धुवायची, टोपलीतली रानभाजी द्यायची आणि चहा घ्यायची. निरोप पोचला तशी दुसऱ्याच दिवशी आली.

"वयनी, गावला म्हनं तो."

क्षणभर मला कळेना की ती कुणाबद्दल विचारते आहे. "मुखवटा गावला," मी म्हणाले.

ती त्याच्यासमोर बसली. बराच वेळ हात लावला नाही. मग तो उपडा केला आणि आधी आतून बघितलं.

"हाच," ती म्हणाली. "आता तुमीच ठेवा."

"मी कशाला? तुझा आहे, घेऊन जा."

"कुठं नेऊ गो? शाळेत राहतो आमी, दाटीवाटीनं. चूल नाय, आढं नाय. उन्हात ठेवला तं फाटंल. त्याला धुरावर वाळवाय लागतो, हळूहळू. तुमच्या चुलीवर टांगा दिवाळीपावत."

म्हणणं बरोबर होतं. आमच्याकडे गॅस होता, पण पावसाळ्यात भात आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच व्हायचं. मी हो म्हणाले. निघताना ती उंबऱ्यात थांबली.

"येक सांगते. त्याच्यासमोर कुनाचं नाव घ्याचं नाय. नाव आयकलं का तो ध्यानात ठेवतो."

"आणि घेतलं तर काय होतं?"

"आमी कधी घेतलंच नाय, तं म्हाईत कसं व्हनार?"

मी या गोष्टी मानणारी नाही, पण ठेव म्हणून घेतलेली वस्तू सांगितल्याप्रमाणे सांभाळायची, एवढं मानते. चुलीवरच्या आडव्या बांबूला सुतळीने मुखवटा टांगला आणि मुलांना ताकीद दिली की स्वयंपाकघरात कुणी कुणाला नावाने हाक मारायची नाही. यजमान म्हणाले, "माझी काळजी नको. लग्न झाल्यापासून तू मला 'अहो' शिवाय कधी हाक मारलीस?"

पहिल्या दिवशी हसलो. मग हसू कमी झालं. नाव न घेता माणसाला बोलावणं फार विचित्र वाटतं. "ए," म्हटलं की दोन्ही मुलं वर बघायची, आणि चुलीवरचा तोही बघत असल्यासारखा वाटायचा. चूल पेटली की धूर त्याच्या मागून वर चढायचा आणि डोळ्यांतून, अर्धवट उघड्या तोंडातून बाहेर यायचा. मी त्याला भिंतीकडे तोंड करून टांगायची. सकाळी चहा टाकायला गेले की तो दाराकडे वळलेला असायचा. सुतळी ओली होती, वाळताना तिचा पीळ सुटत होता. ते मला पहिल्याच सकाळी कळलं होतं. तरी रोज आत जाण्याआधी मी उंबऱ्यातून एकदा बघून घ्यायची. लाकूड वाळताना आवाजही करतं. टक. मग तासभर काही नाही. पुन्हा टक, जसा कुणी दातावर दात आपटावा. धाकटीने स्वयंपाकघरात जेवणं बंद केलं. मीही तिला आग्रह केला नाही.

मग त्याची साल निघायला लागली. दरवर्षी बोहाड्याआधी जुन्या रंगावर नवा रंग द्यायचा, तशी वर्षानुवर्षांची पुटं चढलेली होती. पाण्याने ती सुटली आणि धुराने वाळून पापुद्रे होऊन गळू लागली. भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवायला विसरले तर भातात पडायची. आम्ही सगळ्यांनी बोहाड्यात पाहिलेला म्हसासूर काळा होता, डोळे वटारलेला. गणपतीपर्यंत तो गळून गेला. त्याच्या खालून एक तांबडा चेहरा वर आला. त्याचे डोळे अर्धे मिटलेले होते. एखादा माणूस ऐकत पडलेला असावा तसा.

दिवाळी झाल्यावर ती मुखवटा न्यायला आली. वाडीला गावठाणाच्या वरच्या माळावर पत्र्याच्या खोल्या मिळाल्या होत्या. तिच्याबरोबर तिचा चुलत दीर आला होता. तो का आला ते लगेच कळलं. सोंग बुडालं, माणूस बुडाला, तर आता म्हसासुराचा मान आपल्या घराकडे यावा असं त्याने वाडीच्या बैठकीत मांडलं होतं. नवा मुखवटा करायलाही टाकला होता. मान जाणं ही वाडीत लहान गोष्ट नाही. ज्या घराला सोंग नाही, त्या घराला बोहाड्याच्या बैठकीत जागा नाही, लग्नकार्यात मानाचा नारळ नाही. तिचं घर नदीने जोत्यासकट नेलं होतं. इथे आपलं एक घर होतं, हे सांगायला तिच्याकडे एवढं लाकूड उरलं होतं.

दिराने मान वर करून पाहिलं. "ह्यो आपला नाय. आपला काळा व्हता. ह्यो तं तांबडा, झोपल्याला."

"आत हात घाल," ती म्हणाली.

मुखवट्याच्या आत तोंडाजवळ एक आडवी खुंटी असते. नाचताना मुखवटा हलू नये म्हणून ती दातांत धरायची. मी मुखवटा उतरवून उपडा धरला. दिराने खुंटीवरून बोट फिरवलं. लाकडात दातांचे खोल व्रण होते, आणि मध्ये एका दाताची जागा कोरी.

"कुनाचा दात नव्हता?" तिने विचारलं. "बैलानं कुनाचा पाडला व्हता? तू व्हतास ना तवा?"

दिराने बोट काढून विजारीला पुसलं. खुंटी अजून ओलसर होती. इतके महिने धुरावर राहून बाकी सगळा मुखवटा खडखडीत वाळला होता, फक्त तेवढीच. आतल्या अंगाला धूर पोचला नसेल.

"बरं, गावला," तो म्हणाला. "पन नाचवनार कोन? घरात बाप्या मानूस नाय. बाईनं सोंग घ्याचं नाय, आनि घरच्यानं घेतलं नाय का मान जातो. भगतानंच सांगितलंय."

"वैशाख लांब हाय," ती म्हणाली आणि मुखवटा फडक्यात गुंडाळून डोक्यावर घेतला.

त्या वर्षी बोहाडा होणारच नाही असं पुष्कळजण म्हणत होते. पत्र्याच्या खोल्यांना अजून कुडाच्या भिंती नव्हत्या, अर्ध्या घरांचे मुखवटे वाहून गेले होते. पण वाडीने ठरवलं की जेवढी सोंगं आहेत तेवढी नाचवायची. मी पहाटेच्या जीपने गेले, शेवट तरी बघावा म्हणून. पोचले तेव्हा तांबडं फुटत होतं. टेंभे विझत आले होते. संबळ चालू होता. देवी निघाली होती, हातात तलवार घेऊन रिंगणात फिरत होती, आणि सगळ्यांचं लक्ष खोल्यांकडून येणाऱ्या वाटेकडे होतं. दीर रिंगणाच्या कडेला तयार उभा होता. काखेत नवा मुखवटा, कापडात बांधलेला.

तेवढ्यात तो वाटेवर दिसला.

तांबडा चेहरा, नवी शिंगं, अर्धे मिटलेले डोळे. तिने त्याला रंग दिलाच नव्हता. अंगावर घोंगडी, कमरेला घुंगरांचा पट्टा. डावा पाय किंचित ओढायचा आणि मग जमिनीवर आपटायचा, ही तिच्या नवऱ्याची चाल. आम्ही सगळ्यांनी ती वर्षानुवर्षं पाहिलेली होती. माझ्या शेजारची म्हातारी बाई खाली बसली. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "आला." माझ्या हातांवर काटा आला, तो मी पदराने झाकला.

मग मी पायांकडे पाहिलं. पायाच्या बोटांवर जोडव्यांच्या जागी फिकट वळ होते. हे पाय दर बाजाराला माझ्या ओटीवर धुतले जायचे.

दिरानेही पाय पाहिले. तो पुढे झाला, हात वर केला. "अरे, ही तं..."

"ही कोन?" भगत म्हणाला. म्हातारा माणूस, रिंगणाच्या तोंडाशी काठी टेकून बसला होता. आवाज चढवला नाही. "बोल की रे. घे नाव. त्याच्या तोंडासमोर उभा राहून घे."

मुखवटा दिराकडे वळला आणि थांबला. घुंगरं थांबली. दिराचं तोंड उघडं होतं. भगताने पुन्हा विचारलं, "घेतोस?"

त्याने तोंड मिटलं.

संबळ पुन्हा सुरू झाला. देवीने तीन फेऱ्यांनंतर तलवार टेकवली आणि म्हसासूर रिंगणात उताणा पडला. हेही ठरलेलं असतं. पडलेल्या सोंगाला त्याच्या घरच्या बाईने पाणी शिंपडून उठवायचं. बोलावल्याशिवाय ते उठत नाही. दरवर्षी तीच यायची, तांब्या घेऊन, लाजत.

संबळ थांबला. कुणीच पुढे आलं नाही. कोण येणार? मुखवटा आभाळाकडे तोंड करून पडला होता, मला गाळात सापडला होता तसाच. घोंगडीखाली श्वास हलताना दिसेना. लोक एकमेकांकडे बघू लागले. वारा पडला होता. आत कुठेतरी बारीक आवाज झाला, टक.

"घरची कोन हाय?" भगताने विचारलं. मग त्याची नजर माझ्यावर थांबली. "कुनाच्या चुलीवर व्हता ह्यो?"

"माझ्या," मी म्हणाले.

"मंग बघत काय बसलाव? ज्या चुलीचा धूर खाल्ला ती बी घरचीच. उठवा त्याला."

मी तांब्या घेतला. पाणी शिंपडलं. "ऊठ, घरी चल." काही झालं नाही. मला एकदम भीती वाटली, खरोखरची, की मी चुकीच्या माणसाला उठवते आहे आणि तोच उठेल. पण कोणीतरी हे पुरं करायला हवं होतं. मी जवळ बसले, उरलेलं सगळं पाणी त्या चेहऱ्यावर ओतलं आणि मुलांना शाळेसाठी उठवते त्या आवाजात म्हणाले, "ऊठ म्हणते ना! घरी चल."

घोंगडीतून हात आला आणि त्याने माझं मनगट धरलं. वैशाखातल्या सकाळी तो हात ओल्या गाळासारखा थंड होता. मी ओढलं. सोंग उठलं, वाकून देवीच्या पाया पडलं आणि ओढत्या पायाने खोल्यांच्या वाटेला लागलं.

"घरचं सोंग घरी ग्येलं," भगत म्हणाला. "मान जिथला तिथं." दीर कापडातला मुखवटा न सोडता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भांडी घासत होते. ती बाजाराला जाता जाता ओटीवर टेकली, करवंदांची टोपली खाली ठेवली, पाय धुतले. ओठांचे दोन्ही कोपरे फाटले होते. चहा घेताना तोंड पुरतं उघडत नव्हतं. मी खोबरेलात हळद कालवून वाटी पुढे केली, करवंदं घेतली. टोपलीचा काठ सुटला होता. चुलीवरच्या बांबूला ती सुतळी तशीच लोंबत होती. स्टुलावर चढून मी ती सोडवली आणि टोपलीचा काठ घट्ट बांधून दिला.