हेल्मेटचा परकर

ती त्याला पहिल्यांदा दिसली तेव्हा तो दुकानाच्या दारात उकिडवा बसून एका जुन्या सोफ्याच्या पोटात फोम कोंबत होता. समोर मोटारसायकल थांबली, हेल्मेट निघालं, आणि चपटे झालेले केस घेऊन एक तरुण बाई त्याच्यावर ओरडली, "दादा, सीट फाटलीये! आजच्या आज शिवून द्याल का?"

आवाज असा की समोरचा न्हावी साबणाचा ब्रश हातात घेऊन बाहेर आला.

"ओरडता कशाला बाई?" कुशनवाला म्हणाला. "मी काय बहिरा आहे?"

"काय?"

"म्हटलं, बहिरा आहे का मी?"

"अरेरे!" बाईचा चेहरा एकदम हळवा झाला आणि आवाज आणखी चढला. "कधीपासून हो?"

न्हाव्याने ही हकिकत पुढे कितीतरी गिऱ्हाइकांना, वस्तरा गळ्याशी असताना, ऐकवली.

ती दवाखान्यातली सुईण होती. डोंगरातल्या वस्त्यांवर गाडीने जायची, गरोदर बायांना तपासायची, बाळंतपणं करायची. सीट शिवून होईपर्यंत तिच्या कानांतला वारा ओसरला आणि आवाजही माणसात आला. त्या वर्षी ती सीट जरा जास्तच वेळा फाटली. शेवटी शेवटी तर ब्लेडने कापल्यासारखी सरळ फाटायची. कुशनवाल्याने ते ओळखलं, आणि दर वेळी ती मन लावून शिवली. लग्न झाल्यावर सीट फाटायची थांबली.

कानांचं मात्र थांबलं नाही. लहानपणी तिच्या दोन्ही कानांची मोठी शस्त्रक्रिया झाली होती. आत काही घातलं की कान वाहायला लागत. बाकीचे गाडीवाले कानात रबराचे बोळे घालून आरामात जात. हिला ती सोय नव्हती. कानांच्या डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, "रबर नाही, मेण नाही, कापूससुद्धा नाही. आणि हा वाऱ्याचा आवाज असाच चालू राहिला, तर गेलेलं ऐकणं परत येणार नाही."

मग एक दिवस वरच्या वस्तीवर तिने गरोदर बाईच्या पोटाला आपली लाकडी नळी लावली, नळीला कान लावला, आणि बाळाच्या ठोक्यांऐवजी तिला नुसता भुंगा ऐकू आला. स्वतःच्याच कानातला. ती घाम पुसत बसून राहिली. बऱ्याच वेळाने भुंगा शमला, ठोके सापडले, बाळ ठणठणीत होतं. पण खाली आल्यावर तिने स्वतःच जाऊन दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुढच्या फेरीला मी बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र घेऊन येते. तुला पोचल्या पोचल्या नीट ऐकू आलं तर ठीक. नाहीतर वरच्या वस्त्या दुसऱ्या कुणाला द्याव्या लागतील, पोरी."

घरी ती जेवली नाही. कुशनवाल्याला एवढं पुरे होतं. त्याने कंबर कसली.

आधी त्याने लाकूड कापणारे करवतीचा आवाज अडवायला लावतात ते कानावरचे डबे आणले. ते घातले तर हेल्मेट शिरेना, हेल्मेट घातलं तर डबे शिरेनात. मग त्याने आपली विद्या काढली. हेल्मेटच्या आत, गालांपाशी, फोमच्या गाद्या बसवल्या. कुशनवालाच तो, हात आखडता घेणं ठाऊक नाही. डोकं आत गेलं, पण बाहेर येईना.

"ओढा!"

"ओढतोय की!"

"अहो, मान येतेय, हेल्मेट नाही येत!"

शेवटी हेल्मेटात हात घालून, सोफ्याचा फोम काढतात तसा, चिमटी चिमटीने फोम उपसला. तिचे गाल दिवसभर पिकल्या फळासारखे लाल होते.

"आता तुम्हीच मागे बसा," ती म्हणाली. "आवाज येतो कुठून ते तरी बघा."

आता खरं सांगायचं तर मोटारसायकलच्या सीटवर पोट भरणारा हा माणूस मोटारसायकलवर बसायला घाबरायचा. पण बसला. गाडीने वेग घेतला तसा तो ओरडायला लागला. तिला काहीच ऐकू येईना. ती आणखी जोरात. वळणावर त्याचा धीर सुटला आणि त्याने जे हाताला लागलं ते घट्ट धरलं. लागला तो बायकोचा गळा, हेल्मेटच्या बरोबर खाली.

आणि वाऱ्याचा घोंघाट झपकन खाली आला. त्यातून मागचा आवाज स्पष्ट आला: "मेलो! देवा, हिला ब्रेक कुठे असतो ते सांग!"

तिने ब्रेक कुठे असतो ते दाखवलं.

"काय म्हणालात?"

"काही नाही गं."

"नाही, मला ऐकू आलं! परत धरा गळा."

"अगं, भरदिवसा? लोक बघतायत."

"बघू देत. धरा!"

त्या दुपारी रस्त्याकडेच्या लोकांनी एक नवरा बायकोचा गळा धरतो, सोडतो, पुन्हा धरतो, आणि बायको "वा! वा!" म्हणत गाडी हाकते, असं दृश्य पुन्हा पुन्हा पाहिलं. वारा कानावरून नव्हे, खालून, हनुवटीपाशी शिरत होता.

कुशनवाल्याने रात्र होण्याआधी कापड बेतलं. अस्तर मऊ, आत पातळ फोम, वर सोफ्याचं उरलेलं लाल फुलांचं कापड, खाली चुण्या आणि इलॅस्टिक. हेल्मेटला धक्का न लावता कडेला चिकटपट्टीने बसायचं. घातल्यावर गळाभर घेर पडला.

"हा तर परकर झाला!" ती म्हणाली.

"गळपट्टा म्हण."

"अहो, याला चुण्या आहेत. परकरच."

शिवाय गाडीची पुढची काच त्याने खाली उतरवली, कारण तिच्यावरून उसळलेला वारा नेमका डोक्यावर आपटत होता. आणि मोठ्या रस्त्यावर वेग कमी ठेवायचा, हे तिने कुरकुरत का होईना, कबूल केलं.

फेरीच्या दिवशी डॉक्टरीणबाई जीपने वरच्या वस्तीवर आधीच पोचल्या होत्या. लाल फुलांचा परकर अंगणात येताना पाहून खाटेवरची गरोदर बाई इतकी हसली की तिला आधी पाणी द्यावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी यंत्र लावलं, त्याची नळी स्वतःच्या कानात घातली. सुईणीने लाकडी नळी टेकवली, कान लावला, डोळे मिटले. मग तिचं बोट खाटेच्या कडेवर टकटक करू लागलं. डॉक्टरीणबाई यंत्र ऐकत त्या बोटाकडे बघत राहिल्या, आणि थोड्या वेळाने त्यांची मान त्याच ठेक्यावर हलू लागली.

"बास, बास," त्या म्हणाल्या. "नाहीतर मी नाचेन."

दारात उभ्या कुशनवाल्याला रडावं की हसावं कळेना, म्हणून त्याने दोन्ही केलं. तो जीपमध्ये मागे बसून आला होता.

तिचा डावा कान आज थोडा कमी ऐकतो, उजवा चांगला आहे. वरच्या वस्त्यांवर तीच जाते.